आकाशात पडदा धरायचा तर दोरी कोणाच्या हाती? सौर भू-अभियांत्रिकीबद्दल एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील, कृष्णाकाठच्या एका गावात राहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थिनीने मला विचारले आहे: "२०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत आमचे घर पाण्याखाली गेले. विमानांतून वातावरणाच्या वरच्या थरात गंधकाचे कण सोडले तर पृथ्वी थंड होते, त्याला खर्चही फार येत नाही आणि पिनातुबो ज्वालामुखीने हे सिद्ध करून दाखवले आहे, असे माझ्या वाचनात आले. मग हे केले का जात नाही? विरोध करणाऱ्यांना नेमकी कशाची भीती वाटते? आणि आपल्याकडचे पूर त्यामुळे थांबतील का?"

प्रश्न प्रामाणिक आहे, आणि ज्याच्या घरात दोनदा पुराचे पाणी शिरले त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मी तीस वर्षांहून अधिक काळ हवेतील सूक्ष्मकण आणि जमिनीवर पोहोचणारा सूर्यप्रकाश मोजण्याचे काम केले आणि आता कोल्हापुरात स्थायिक आहे. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना ते लक्षात राहील. सौर भू-अभियांत्रिकी म्हणतात त्या या उपायाने पृथ्वी थंड होईल, याबद्दल मला फारशी शंका नाही. परंतु आपण पृथ्वीच्या सरासरी तापमानावर जगत नाही, मान्सूनवर जगतो; आणि हे कण कोठे, किती व किती वर्षे सोडायचे हे जो ठरवील तो आपल्या मान्सूनबद्दलही ठरवत असेल. तो अधिकार आज कोणालाच दिलेला नाही, आणि तो कसा द्यायचा याची रीतही जगाने ठरवलेली नाही. माझा विरोध प्रामुख्याने या जागी आहे.

आधी यामागचे विज्ञान पाहू. १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा महास्फोट झाला आणि सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात, म्हणजे ढग आणि पाऊस जेथे घडतात त्या थराच्या वर, फेकला गेला. तेथे त्याचे सल्फ्युरिक आम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांत रूपांतर झाले, वाऱ्यांनी ते पृथ्वीभर पसरवले आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. आपल्या कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुराड्यांतूनही हाच वायू बाहेर पडतो, आणि जगभराचा हिशेब केला तर दरवर्षी पिनातुबोच्या कित्येक पटींनी अधिक पडतो. पण तो खालच्या हवेत राहतो आणि आठ-दहा दिवसांत पावसाबरोबर धुऊन निघतो. स्थितांबरात पाऊस नसतो, त्यामुळे तेथे गेलेला कण वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ टिकतो. म्हणून थोड्या मालात मोठा परिणाम साधतो, आणि "स्वस्त" हा शब्द येथूनच आला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित हिशेबानुसार, वीस किलोमीटर उंचीवर जाणारी खास विमाने बनवून हे काम सुरू केले तर पहिली पंधरा वर्षे दरसाल सुमारे सव्वादोन अब्ज डॉलर खर्च येईल. एखाद्या मध्यम आकाराच्या देशाला, किंबहुना एखाद्या अतिश्रीमंत व्यक्तीलाही, तो परवडू शकतो. मला या स्वस्ताईने दिलासा मिळत नाही. जे काम एकट्यादुकट्याला परवडते ते सर्वांना विचारून होईल याची शाश्वती राहत नाही.

ही कल्पना नवी नाही. १९६५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांना दिलेल्या वैज्ञानिक अहवालात समुद्रावर प्रकाश परतवणारे कण पसरवण्याचा उल्लेख होता, आणि सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बुडिको यांनी १९७४ मध्ये स्थितांबरात गंधक सोडण्याचे सुचवले होते. मात्र प्रतिष्ठित वर्तुळात तिच्याविषयी बोलणे टाळले जाई. ओझोनच्या रसायनशास्त्रासाठी १९९५ चे नोबेल मिळवणाऱ्या पॉल क्रुत्झेन यांनी २००६ मध्ये एक निबंध लिहून तो संकोच मोडला. त्यांचे म्हणणे नीट वाचायला हवे. हे करा, असे त्यांनी म्हटले नव्हते. उत्सर्जन कमी करण्यात जग असेच अपयशी ठरत राहिले तर एक दिवस कोणीतरी याकडे वळेल, म्हणून आधी अभ्यास करा, असे त्यांनी म्हटले होते. त्यांनी मांडलेला पेच आपल्याला फार जवळचा आहे. खालच्या हवेतील गंधकाचे प्रदूषण माणसे मारते, म्हणून ते कमी केलेच पाहिजे. पण तेच प्रदूषण आज तापमानवाढीचा काही भाग झाकून ठेवते आहे. जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली, तेव्हा समुद्रावरील ढगांत उमटणाऱ्या जहाजांच्या शुभ्र रेघा उपग्रहांच्या चित्रांत स्पष्टपणे विरळ झाल्या. आपण न ठरवता, न विचारता एक प्रकारची भू-अभियांत्रिकी कित्येक दशके करतच आलो आहोत, आणि दक्षिण आशियावरील धुरकट थर हा तिचाच मोठा भाग आहे.

त्या थराने आपल्या मान्सूनचे काय केले, हे या चर्चेत पुरेसे सांगितले जात नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आशियाचा मान्सून दुर्बळ झाला, आणि त्यामागे मानवनिर्मित सूक्ष्मकणांचा मोठा हात होता, असा संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या मूल्यांकनाचा निष्कर्ष आहे. कारण समजण्यासारखे आहे. जमीन समुद्रापेक्षा लवकर व जास्त तापते, त्या फरकावर मान्सूनचे वारे ओढले जातात. आणि जमिनीवरचे ऊन अडवले की ती ओढ कमी पडते. खालचे कण आणि वरचे कण यांचे परिणाम सारखे नसतात, हे मी मान्य करतो. तरीही ऊन कमी केल्याने पावसावर काय होते याचा पुरावा मिळवण्यासाठी आपल्याला फिलिपिन्सपर्यंत जावे लागत नाही.

यातली दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे, पण तीच समजली नाही तर सगळी चर्चा तापमानावरच अडकून पडते. चुलीवर आधण ठेवले आहे, असे समजा. भांड्याभोवती गोणपाट गुंडाळले की पाणी अधिक तापेल. ते पूर्वीइतक्याच तापमानावर आणायचे म्हणून तुम्ही जाळ मंद केला. पाण्याचे तापमान पूर्वीचेच राहिले, पण वाफ मात्र पूर्वीइतकी निघणार नाही, कारण वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता जाळातून येत होती आणि तोच आपण कमी केला. कार्बन डायऑक्साइड हे गोणपाट आणि सूर्य हा जाळ. ऊन कमी करून तापमान पूर्वपदावर आणलेल्या जगात एकूण बाष्पीभवन आणि म्हणून एकूण पाऊस पूर्वीपेक्षा कमी असतो, हे पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आलेल्या गोविंदसामी बाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हवामानाच्या संगणकीय मॉडेलच्या साहाय्याने दाखवून दिले. निसर्गानेही त्याची साक्ष दिली आहे. पिनातुबोनंतरच्या वर्षात जगभरच्या जमिनीवरील पाऊस आणि नद्यांचा समुद्राला मिळणारा प्रवाह लक्षणीयरीत्या घटला होता, असे केविन ट्रेनबर्थ आणि आयगुओ दाई यांनी २००७ मध्ये नोंदींवरून मांडले.

येथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण पिनातुबोचे नाव दोन्ही बाजूंचे लोक फार सहजपणे घेतात. १९९१ हे एल निनोचे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापून आपला मान्सून दुबळा होण्याचा संभव असलेले, वर्ष होते. त्याआधीचा मोठा उद्रेक मेक्सिकोतील एल चिचोनचा, १९८२ च्या वसंतात झाला. तेही एल निनोचे वर्ष. मान्सूनवरचा ज्वालामुखीचा परिणाम आणि एल निनोचा परिणाम यांची त्या दोन वर्षांत अशी सरमिसळ झाली आहे की वेगळे करताना अनुभवी माणसाचाही हात थरथरतो. शिवाय उद्रेक हा एकच धक्का असतो, दोन वर्षांत ओसरणारा. समुद्र तेवढ्यात पुरता थंडही होत नाही. दरवर्षी, न थांबता, पन्नास-शंभर वर्षे कण सोडत राहणे ही गोष्ट पृथ्वीने आपल्यासमोर कधी करून दाखवलेली नाही. म्हणून "पिनातुबोने सिद्ध केले" या वाक्याचा पहिला अर्धा भाग, म्हणजे थंडावा येतो एवढाच, मला मान्य आहे.

आता मी ज्या कामात आयुष्य घालवले त्याविषयी. सूर्यप्रकाश जमिनीवर दोन रीतींनी येतो: सूर्याच्या बिंबाकडून सरळ येणारे किरण, आणि आकाशभर विखरून सगळीकडून येणारा मंद उजेड. स्थितांबरातील कण यातले थोडेसेच अवकाशात परत पाठवतात. बरेचसे ते विखरून टाकतात. पिनातुबोनंतरच्या मापनांचा हिशेब सांगतो की एक एकक प्रकाश अवकाशात परत जातो तेव्हा थेट किरणांतून साधारण चार एकके कमी होतात, आणि उरलेली तीन विखुरलेल्या उजेडात जमा होतात. म्हणजे ऊन एक-दोन टक्के कमी झाले तरी थेट किरण त्याहून बरेच अधिक घटतात, आकाशाचा निळा रंग फिका, पांढरट होतो आणि सूर्यास्त तांबडालाल दिसू लागतो.

हे कोल्हापूरकराला कळण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव ज्याने गर्दीतून का होईना पाहिला आहे, त्याने थेट किरण म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहिले आहे. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीस, मावळतीला टेकलेल्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक ओलांडून पितळी उंबऱ्याला आणि मग चांदीच्या उंबऱ्याला लागतात, आणि हवा साथ देईल तर देवीच्या चरणांपासून वर चढत जातात. प्रकाशमापक हातात घेऊन मी त्या मार्गावर उभा राहिलो आहे. एका संध्याकाळी पश्चिमेला ढगाचा ठिपकाही नव्हता, बाहेर लख्ख उजेड होता, महाद्वार रस्त्यावर माणसांच्या सावल्या पडत होत्या, आणि तरीही कासव चौकापर्यंत येता येता मापकावरील आकडा असा झपाट्याने उतरला की चांदीच्या उंबऱ्यापुढे किरण डोळ्याला दिसेनासा झाला. कारण क्षितिजावरच्या धुरकट हवेत होते. सूर्य इतका खाली असताना किरण हवेतून तिरपा, कित्येक पटींनी लांबचा प्रवास करून येतो, आणि वाटेतला प्रत्येक कण त्यातले थोडे थोडे काढून घेतो. एकूण उजेड जवळपास तेवढाच, पण किरण नाही, हा फरक त्या संध्याकाळी तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने पाहिला. स्थितांबरातील पडद्याने किरणोत्सव बंद पडेल, असा दावा मी करत नाही. धूळ, बाष्प आणि मार्गातील अडथळे हे त्याचे आजचे शत्रू आहेत. मात्र सगळ्या पृथ्वीवरचा प्रकाश "फक्त एक टक्का" कमी होईल असे कोणी सहज म्हणाले, की मला तो चांदीचा उंबरा आठवतो.

शेतीला याचा फायदा की तोटा, यावर संशोधकांत बरेच दिवस वाद होता. विखुरलेला उजेड पिकाच्या खालच्या पानांपर्यंत पोहोचतो, म्हणून काही वनस्पतींना तो मानवतो, हे खरे आहे. परंतु २०१८ साली पिनातुबो आणि एल चिचोन यांच्या काळातील मका, सोयाबीन, भात आणि गहू यांच्या उत्पादनाचा जागतिक अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा थंडाव्याने जेवढे मिळेल तेवढे जवळपास प्रकाश घटल्याने जाईल, असा निष्कर्ष निघाला. उसाचा त्यात समावेश नव्हता. ऊस हे मक्याच्याच जातकुळीतले, भरपूर ऊन खाणारे पीक आहे, आणि आपल्या जिल्ह्याचे अर्थकारण त्यावर उभे आहे, एवढे लक्षात ठेवले तरी हा प्रश्न आपल्यासाठी परका राहत नाही.

ओझोनचेही सांगायला हवे, थोडक्यात. गंधकाच्या थेंबांच्या पृष्ठभागावर ओझोन नष्ट करणाऱ्या क्लोरिनच्या अभिक्रिया वेगाने होतात, त्यामुळे अंटार्क्टिकावरील ओझोन थराचे भरून येणे लांबेल. शिवाय हे कण स्वतः तापून स्थितांबर गरम करतात आणि तेथील वाऱ्यांची घडी बदलते. आणि हवेत वाढत राहिलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरून त्याचे पाणी आम्लधर्मी करतच राहील, कारण पडद्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे संशोधन, माझ्या मते, कण कोणत्या अक्षांशावर सोडायचे याविषयीचे आहे. बाला यांच्याच गटाने २०२२ मध्ये मॉडेलमध्ये एकदा उत्तर गोलार्धात आणि एकदा दक्षिण गोलार्धात कण सोडून पाहिले. उत्तरेत सोडले तर उत्तर गोलार्ध तुलनेने अधिक थंड होतो, उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि भारताचा मान्सून घटतो. दक्षिणेत सोडले तर उलट होऊन आपल्याकडचा पाऊस वाढतो आणि दक्षिणेकडच्यांचा कमी होतो. आफ्रिकेतील साहेल प्रदेशाविषयी २०१३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी असेच मांडले होते: तेथील विसाव्या शतकातील अतिशय कोरड्या पावसाळ्यांपैकी बहुतेकांच्या आधी उत्तर गोलार्धात मोठे ज्वालामुखी उद्रेक झालेले होते. दोन्ही बाजूंना समतोल राखून कण सोडता येतील, असे समर्थक सांगतात, आणि मॉडेलमध्ये ते जमतेही. प्रत्यक्षात तो समतोल दरवर्षी, प्रत्येक निवडणुकीनंतर, प्रत्येक युद्धातून, प्रत्येक मंदीतून टिकवावा लागेल.

आता पुराच्या प्रश्नाकडे येतो. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून तापलेल्या जगात मुसळधार पाऊस अधिक मुसळधार होतो. पृथ्वी थंड केली तर जगभरच्या सरासरीने अतिवृष्टीची आणि उष्णतेच्या लाटांची तीव्रता कमी होईल, असे बहुतेक मॉडेल दाखवतात. समर्थकांच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि उन्हात राबणाऱ्या माणसाचा विचार करणाऱ्याने तो झटकून टाकू नये. परंतु तुमच्या घरात शिरलेले पाणी जगाच्या सरासरीने आलेले नव्हते. आपला जिल्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. मध्ये अंतर शंभर किलोमीटरही नाही. मान्सूनचा वारा घाटमाथ्याला कोणत्या कोनातून, किती दिवस सलग धडकतो, यावर पंचगंगेचे पाणी ठरते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या घरात. जगाच्या दीर्घकालीन हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलमध्ये एकेका चौकटीची बाजूच साधारण शंभर किलोमीटरची असते, म्हणजे गगनबावडा आणि शिरोळ एकाच चौकटीत बसतात. ज्या साधनाला आपल्या जिल्ह्याचा घाट आणि माळ वेगळा दिसत नाही, त्याच्या भरवशावर पंचगंगेचा पूर कमी होईल की वाढेल हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो समर्थक असो वा विरोधक.

आणि समजा, हे काम सुरू झाले आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा ५५ फूट पाणी आले. मग? तो पूर निसर्गाचा की पडद्याचा? कृष्णेवरील कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे आपल्याकडे पूर येतो की नाही, हा महाराष्ट्र आणि कर्नाटकातला वाद तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. धरण एक, नदी एक, देश एक. किती पाणी आले आणि किती सोडले याच्या तासातासाच्या नोंदी उपलब्ध आहेत. दोन्ही राज्यांचे म्हणणे ऐकणारा लवाद आहे, त्याने २०१० मध्ये ५२४.२५६ मीटर उंचीला मान्यता दिली आहे, सर्वोच्च न्यायालय आहे. महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये २०१९ च्या पुराला अलमट्टी हे कारण नसल्याचे म्हटले, तरी त्यावर पूरग्रस्त भागातील अनेकांचे समाधान झालेले नाही आणि उंची वाढवण्याला विरोध चालूच आहे. येथे कोण बरोबर याचा निवाडा मला करायचा नाही. मोजता येणाऱ्या पाण्याबद्दल, एका संविधानाखाली, इतक्या वर्षांत एकमत होत नसेल, तर वीस किलोमीटर उंचीवर दुसऱ्या खंडातून सोडलेल्या कणांमुळे नृसिंहवाडीला पाणी चढले की उतरले, याचा दावा आपण कोणाकडे दाखल करणार? आणि शेजारी देशात दुष्काळ पडला, तर तो आपल्याकडे बोट दाखवणार नाही कशावरून? आरोप खरा असण्याचीही गरज नाही. संशय पुरेसा असतो.

विरोध करणाऱ्यांच्या भीतीचा गाभा हा आहे. तो भावनिक नाही. जानेवारी २०२२ मध्ये अनेक देशांतील अभ्यासकांनी सौर भू-अभियांत्रिकी वापरणार नाही असा आंतरराष्ट्रीय करार करावा, अशी मागणी खुल्या पत्राने केली, आणि पुढे शेकडो जणांनी त्यावर सह्या केल्या. २०२३ मध्ये आफ्रिकी देशांच्या पर्यावरणमंत्र्यांनीही तशीच भूमिका घेतली. २०२४ च्या सुरुवातीला नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने केवळ तज्ज्ञांचा अभ्यासगट नेमण्याचा ठराव आणला, तोही एकमताअभावी मागे घ्यावा लागला. सरकारे अशी अडून राहिलेली असताना खासगी मंडळी मात्र पुढे जात आहेत. मेक सनसेट्स नावाच्या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये मेक्सिकोत सल्फर डायऑक्साइड भरलेले फुगे सोडले आणि "थंडाव्याची" क्रेडिट्स, म्हणजे अमुक इतका थंडावा दिल्याची प्रमाणपत्रे, विकायला काढली. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने असे प्रयोग बंद करण्याचे जाहीर केले. त्या फुग्यांतला वायू नगण्य होता. पण कोणाचीही परवानगी न घेता ते करता आले, हे नगण्य नाही. याउलट हार्वर्ड विद्यापीठाच्या गटाने नुसत्या उपकरणांच्या चाचणीसाठी स्वीडनमधील किरुना येथून फुगा सोडायचे ठरवले होते, तेथील सामी या आदिवासी समाजाच्या परिषदेने आक्षेप घेतला, चाचणी थांबली आणि २०२४ मध्ये तो सगळा प्रकल्पच बंद झाला. ज्यांनी विचारून करायचे ठरवले त्यांचे काम थांबले आणि ज्यांनी विचारले नाही त्यांचे चालू राहिले, ही आजची अवस्था मला अस्वस्थ करते.

आणखी एक धोका म्हणजे मध्येच थांबण्याचा. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग हवेत शतकानुशतके राहतो, कण वर्ष-दीड वर्षात खाली येतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की आपोआप उघडतात, म्हणून आपण निश्चिंत असतो. येथे व्यवस्था नेमकी उलटी आहे: मागे पाणी साठत राहणार, आणि दरवाजा दरवर्षी माणसांनी दाबून धरायचा. युद्ध, आर्थिक कोसळ किंवा सत्ताबदल यांपैकी कशामुळेही तो हात सुटला, तर झाकून ठेवलेली सगळी तापमानवाढ दहा-वीस वर्षांत अंगावर येईल. जंगलांना, पिकांना आणि माणसांना जुळवून घ्यायला आज जेवढा अवधी मिळतो आहे, तेवढाही तेव्हा मिळणार नाही. आणि उत्सर्जन चालूच राहिले तर दाबून धरण्याचे वजनही दरवर्षी वाढत जाईल.

तुमच्याकडे अनेकांचा एक गैरसमज असेल, तोही येथेच दूर करतो. महाराष्ट्रात २००३ पासून अधूनमधून झालेले कृत्रिम पावसाचे प्रयोग आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात केलेले ढगांच्या बीजारोपणाचे संशोधन यांचा सौर भू-अभियांत्रिकीशी संबंध नाही. ते आधीच असलेल्या एखाद्या ढगापुरते, काही तासांपुरते काम आहे. विमानांमागे दिसणाऱ्या पांढऱ्या रेघा म्हणजे गुप्तपणे चाललेली फवारणी, हा समज तर पूर्णपणे निराधार आहे. त्या गोठलेल्या बाष्पाच्या असतात. खऱ्या धोक्याची चर्चा गंभीरपणे व्हावी असे वाटत असेल, तर असल्या अफवांना आपण थारा देता कामा नये.

मग संशोधनही थांबवावे का? याबाबत माझ्या काही विरोधक मित्रांशी माझे पटत नाही. संगणकावरील मॉडेल, उपग्रह आणि फुग्यांद्वारे स्थितांबराचे निरीक्षण, जुन्या उद्रेकांच्या नोंदींचा अभ्यास हे सर्व झाले पाहिजे, आणि ते भारतात झाले पाहिजे. ब्रिटनच्या सरकारी संशोधन संस्थेने २०२५ मध्ये या क्षेत्रासाठी सुमारे ५ कोटी ७० लाख पौंड जाहीर केले, त्यात लहान प्रमाणावरील उघड्यावरच्या चाचण्याही आहेत. मान्सूनवर काय होईल याचे उत्तर आपल्याला दुसऱ्याच्या मॉडेलमधून मिळणार असेल, तर वाटाघाटीच्या टेबलावर आपण फक्त ऐकायला बसू. भारताच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१७ च्या सुमारास या विषयाच्या मॉडेलवरील संशोधनाला पाठबळ दिले होते; ते वाढायला हवे. उघड्यावरचे प्रयोग मात्र सार्वजनिक संस्थेने, सार्वजनिक पैशाने आणि आधी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांखालीच व्हावेत, आणि ते नियम होईपर्यंत होऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. नफ्यासाठी हे काम करणाऱ्या कंपनीला यात अजिबात जागा नसावी. जिचे उत्पन्न फवारणी चालू राहण्यावर अवलंबून आहे, ती फवारणी थांबवण्याचा सल्ला कधी देणार नाही.

निसर्गात उतरवलेली युक्ती कागदावरच्यासारखी वागत नाही, याचा अनुभव आपल्या देशालाही आहे. २००९ च्या सुरुवातीला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर दक्षिण अटलांटिकमध्ये लोहाचे क्षार टाकून शैवाल वाढवण्याचा आणि त्याबरोबर कार्बन तळाशी नेण्याचा प्रयोग केला. शैवाल वाढले, पण ते चिमुकल्या समुद्री जीवांनी फस्त केले आणि अपेक्षेच्या मानाने फारच थोडा कार्बन खाली गेला. तो प्रयोग काही आठवड्यांत संपवता आला, म्हणून त्यातून शहाणपण घेऊन परत येता आले.

शेवटी तुमच्या अभ्यासाविषयी, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही प्रबंधासाठी विषय मागितला आहे. गगनबावडा, राधानगरी आणि शिरोळ या तीन ठिकाणच्या दैनंदिन पावसाच्या जुन्या नोंदी मिळवा. १९८२-८३ आणि १९९१-९३ ही वर्षे बाजूला काढा, आणि ज्वालामुखी नसलेली पण एल निनो असलेली वर्षे, म्हणजे १९८७, १९९७, २००२, त्यांच्या शेजारी ठेवा. केवळ हंगामाची बेरीज पाहू नका. पावसाचे दिवस किती, सलग खंड किती दिवसांचा, आणि एका दिवसात शंभर मिलिमीटरच्या पुढे किती वेळा, हे तिन्ही ठिकाणी वेगवेगळे मोजा. नमुना लहान आहे, त्यामुळे ठोस निष्कर्ष निघेलच असे नाही, आणि निघाला नाही तर तसेच लिहा. एक काळजी मात्र आधीच घ्या: जुन्या वह्यांत पाऊस काही ठिकाणी इंचांत आणि काही ठिकाणी मिलिमीटरमध्ये लिहिलेला सापडतो, आणि सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस कधी त्या दिवशीच्या तर कधी आदल्या दिवशीच्या तारखेला नोंदवलेला असतो. आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी ते एकसारखे करून घ्या, आणि तयार तक्ते घेऊन एखाद्या रविवारी माझ्याकडे या.